महाडच्या काकांना, मिशिगनहून

ती. स्व. काकांना,
सा. न. वि. वि.

गाडीच्या ब्रेकबद्दल फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "तिकडे थंडी कशी आहे" असं विचारून विषयच बदलता, म्हणून हे पत्र. चारचौघांत लिहितोय कारण डेट्रॉइटच्या आसपास गाड्यांच्या धंद्यात पुष्कळ मराठी मंडळी आहेत, त्यातली काही रविवारी ऑटोक्रॉसमध्ये प्लास्टिकच्या कोनांमधून गाड्या पळवतात, आणि ब्रेक तापले की प्रत्येकाला पहिला सल्ला मोठ्या ब्रेकचा मिळतो. तुम्ही काय केलंत ते त्यांनाही कळू दे.

ज्यांना ऑटोक्रॉस माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच: मोकळ्या पार्किंग लॉटमध्ये नारिंगी कोन मांडून वळणावळणाचा रस्ता आखतात. गाडी एका वेळी एकच सुटते आणि मिनिटभरात फेरी आटोपते. कोन पडला की वेळेत दोन सेकंद वाढतात. आपल्याकडे याच नावाच्या शर्यती बहुतेक मातीवर होतात, इथे डांबरावर. तुमची लेक आणि मी एकच जुनी मियाटा (माझदाची छोटी दोन सीटची गाडी) चालवतो. मी उतरलो की ती बसते, त्यामुळे गाडीला दम खायला वेळ मिळत नाही. ब्रेकमधून धूर यायला लागला. "दोघं चालवता, मग तापणारच," असं सगळे म्हणत होते आणि आम्हालाही ते पटलं होतं.

एसटीच्या डेपोत वर्षानुवर्षं ब्रेकवर काम केलेले तुम्ही मात्र लॉटच्या कडेला उन्हात उभे राहून विचारलंत, "एका फेरीत ब्रेक मारता किती वेळा?" पाच-सहा वेळा जोरात, असं म्हटल्यावर तुम्ही मान हलवलीत. "कशेडीचा घाट उतरताना ड्रायव्हर तेवढा ब्रेक पहिल्या वळणातच मारतो. एवढ्यावर ब्रेकचा लायनर जळत नाही."

घरी येऊन मी हिशोब मांडला. माणसासकट साडेअकराशे किलोची गाडी ताशी ८० वरून ४० वर आणली तर साधारण २१० किलोज्यूल उष्णता होते. त्यातली ७० टक्के पुढच्या दोन चाकांवर धरली आणि बिडाची डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती, पाच किलोची धरली, तर एका ब्रेकमागे डिस्क तीस-पस्तीस अंशांनी तापते. पाच-सहा ब्रेकमध्ये दोनशेच्या आत वाढ, आणि मधे वारा लागतो तो वेगळाच. दोघांच्या फेऱ्या लागोपाठ झाल्या तरी चाकातून धूर येऊ नये. तुम्ही कागद न घेता तेच सांगितलं होतंत.

मग तुम्ही एकेका चाकाजवळ उकिडवे बसलात. हात लावला नाहीत, नुसता तळवा जवळ नेलात. पुढचं उजवं चाक वेगळं आहे, म्हणालात. क्लबातल्या एकाकडे इन्फ्रारेड थर्मामीटर होता, त्याने मोजलं तर उजवी डिस्क डावीपेक्षा दीडशे अंशांनी जास्त तापलेली. दोन्ही चाकं सारखी तापली तर चालवणाऱ्याकडे बघायचं, एकच तापलं तर त्या चाकाकडे. हे वाक्य मी गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवलंय.

त्याच वेळी शेजारचा मुलगा टायरवर पाणी मारायचा पंप घेऊन आला. टायर थंड ठेवायला इथे सर्रास पाणी मारतात. त्याने नळी डिस्ककडे वळवली आणि तुम्ही त्याचं मनगट धरलंत. तो दचकला, तुमची लेक हसत त्याची माफी मागत राहिली. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की ते तडकतं, हे त्याला नंतर समजावलं. दुसरी गोष्ट हॅण्डब्रेकची. रांगेत थांबल्यावर मी लिव्हरकडे हात नेला की तुम्ही काचेवर टकटक करायचात. गरम डिस्कवर पॅड (ब्रेक मारल्यावर डिस्कला घासणारा तुकडा) दाबून ठेवला की त्याचा थर तिथेच चिकटतो आणि पुढे ब्रेक मारताना पेडल थरथरतं. गिअरमध्ये ठेवायची, चाकाला लाकडाचा ठोकळा लावायचा. आता आमच्या रांगेत बरेच जण ठोकळा घेऊन येतात.

सगळ्यात कामाचं होतं ते पेडलबद्दलचं. तुम्ही लेकीला विचारलंत, पाय खाली जातो की पेडल कडक राहून गाडी थांबत नाही? तिला प्रश्नच कळला नाही, मलाही फरक ठाऊक नव्हता. पेडल कडक आणि गाडी थांबत नाही म्हणजे पॅड तापून घसरतोय. पेडल मऊ पडून खाली जातं म्हणजे ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेत. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. आमचं पेडल खाली जात होतं. म्हणजे जो महागडा ट्रॅकचा पॅड आम्ही मागवणार होतो त्याने काहीच झालं नसतं. उलट तो पॅड गरम झाल्याशिवाय धरत नाही, आणि ऑटोक्रॉसमध्ये तर पहिल्या कोनापासून धरावा लागतो.

पुढच्या शनिवारी तुम्ही आमच्या गॅरेजमध्ये सिमेंटच्या फरशीवर पुठ्ठा टाकून बसलात. गाडी जॅकवर घेतली, चाक हाताने फिरवलं, ते करकरत अर्ध्या फेऱ्यात थांबलं. तुमचा पहिला संशय रबरी होजवर, म्हणजे चाकापर्यंत ब्रेक ऑइल नेणाऱ्या नळीवर होता. आतून फुगला की ऑइल जाऊ देतो, परत येऊ देत नाही. म्हणून ब्लीडर निपल (ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) सैल करायला सांगितलंत: निपल उघडल्यावर चाक मोकळं झालं तर दाब अडकलाय, होज बदला, नाही झालं तर पॅड दाबणारा कॅलिपरच जाम आहे. चाक तसंच धरून राहिलं. "माझा अंदाज चुकला, होज बरा आहे," असं तुम्ही सहज म्हणालात. मला ती पद्धतच फार आवडली. पार्ट बदलून बघण्यात इथे लोकांचे महिने जातात, तुम्ही एका पान्याने दोन शक्यतांतली एक काढून टाकलीत.

पुढे कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना निघाल्या. एक गंजलेली, कारण आधीचा मालक गाडी हिवाळ्यात मिठाच्या रस्त्यांवरून चालवायचा. दुसऱ्या पिनेवरचं रबर फुगून घट्ट बसलेलं. कुणीतरी कधीतरी तिथे साधं ग्रीस भरलं होतं. पेट्रोलियमच्या ग्रीसने ते रबर फुगतं, तिथे सिलिकॉनचंच लागतं. कॅलिपर सरकत नसल्याने आतला पॅड झिजून बाहेरच्याच्या निम्माच उरलेला. नव्या पिना, नवी रबरं आणि ग्रीसची एक ट्यूब, एवढ्यात काम झालं. रविवारच्या पिझ्झाला याहून जास्त खर्च येतो.

ऑइलही तुम्हीच बदलायला लावलंत. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये अशी अट असते. हवेतलं पाणी शोषून मुरलं की हीच अट १५५ वर येते. आमच्या डब्यातलं चहाच्या रंगाचं झालं होतं. हवा काढताना तुम्ही खाली आणि लेक पेडलवर, आणि तुमचं "दाब... धर... सोड" ऐकून शेजारचे आजोबा कुंपणापाशी येऊन उभे राहिले. त्यांना मराठी येत नाही, पण तिसऱ्या चाकाला तेही "धर" म्हणत होते.

मोठे ब्रेक सुचवणाऱ्यांना मी वेड्यात काढत नाही. मोठ्या ट्रॅकवर वीस-वीस मिनिटं गाडी पळवायची तर डिस्क, पॅड, ब्रेक गार ठेवणाऱ्या हवेच्या नळ्या, सगळं लागतं. पण आमच्या मिनिटभराच्या फेरीत ब्रेकमधून धूर निघाला तर आधी काहीतरी अडकलंय असं समजायचं, आणि ते कुठे अडकलंय ते शोधायचं, हे तुमच्यामुळे कळलं. एसटीच्या डेपोतली तुमची सगळी वर्षं ड्रम ब्रेकवर गेली. डिस्कबद्दल तुमचं मत अजून फारसं बरं नाही हेही मला माहीत आहे. त्यावर वाद पुढच्या भेटीत घालू.

आता दोन्ही पुढच्या डिस्क एकमेकींच्या दहा-पंधरा अंशांत असतात. पेडल शेवटच्या फेरीपर्यंत जागच्या जागी. तुमची लेक माझ्यापेक्षा पाऊण सेकंदाने पुढे आहे, आणि आता मला ब्रेकचं निमित्तही सांगता येत नाही.

गेल्या खेपेला शेजारच्या सीटवर बसायला तुम्ही नाही म्हणालात. क्लबाकडे जास्तीची हेल्मेट असतात, तुमच्या मापाचं मी बघून ठेवलंय. व्हिसाचं काम झालं की तारीख कळवा. एप्रिलच्या आत आलात तर मागच्या कॅलिपरच्या पिनाही तुमच्यासमोरच उघडतो. काकूंना नमस्कार सांगा, आणि सांडगी मिरच्या पोचल्या हेही.

तुमचा,
मियाटावाला