रात्री ३:२० च्या निरोपाला उत्तर

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

तुझा निरोप मी सकाळी उठल्यावर पाहिला. वेळ ३ वाजून २० मिनिटं. "आजही नाही. आता तर प्रार्थनाही होत नाही रे." बस, एवढंच. उत्तरादाखल जोडलेल्या हातांचं चित्र पाठवायला निघालो होतो, बोट तिथवर गेलंही, आणि मग माझी मलाच लाज वाटली. तू अख्खी रात्र छताकडे बघत काढलीस, आणि मी पोटभर झोपून उठून तुला दोन पिवळे हात पाठवायचे? म्हणून हे पत्र. लांबणार आहे. एका बैठकीत वाचू नकोस. झोप नसली की चार ओळींपुढे डोळा सरकत नाही, हे मला ठाऊक आहे.

ठाऊक आहे, कारण आई गेल्यानंतरचं वर्ष मी असंच काढलं. तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण दिवसा मी बराच बरा दिसायचो. रात्री खोलीत चार्जरचा हिरवा ठिपका तेवढा जागा असायचा आणि मी. उशी उलटायची, गार बाजूवर गाल ठेवायचा, दोन मिनिटांत तीही गरम. घड्याळ बघायचं नाही असं ठरवायचं आणि बघायचं. मग ते गणित: आत्ता डोळा लागला तर चार तास मिळतील, आत्ता लागला तर साडेतीन. तूही करतोस ना हे गणित? झोपेला हुसकून लावायला याच्याइतकं दुसरं काही नाही. झोप बोलावून येत नाही. आपलं लक्ष नसताना येते.

त्याच दिवसांत प्रार्थनासभा आटोपल्यावर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "परमेश्वर आपल्या प्रियजनांना झोप देतो असं वचन आहे. तुला येत नाही, म्हणजे कुठंतरी पाप दडलंय. कबूल करून टाक." मनानं चांगला माणूस. पण त्या रात्री मी पापं मोजत जागलो. मोजत मोजत तिसरीत वर्गमित्राच्या कंपासपेटीतून उचललेल्या खोडरबरापर्यंत पोचलो! तेही कबूल केलं. झोप काही आली नाही.

हे तुला मुद्दाम सांगतोय, कारण "माझा विश्वासच कमी पडतोय" असं तू मागच्या महिन्यात दोनदा बोलून गेलास. त्या वचनाकडे जरा नीट बघ. बायबलातलं १२७ वं स्तोत्र. पहाटे उठून, रात्री उशिरापर्यंत बसून कष्टाची भाकर खाणं व्यर्थ आहे, असं म्हणत म्हणत ते झोपेपाशी येतं. बोलणं कुणाशी आहे? मी जागा राहिलो नाही तर घर कोसळेल असं ज्याला वाटतं, त्याच्याशी. काही भाषांतरांत तर त्या ओळीचा अर्थ असाही दिलाय, की प्रियजन झोपलेले असतानाही देव त्यांना पुरवतो. थकल्याभागल्याच्या डोक्याखाली ठेवायला दिलेली ती उशी आहे. आपण तिची काठी करून माणसाला मारतो.

आणि जागणाऱ्यांचं म्हणशील, तर पवित्र शास्त्रात ते जागोजागी आहेत. दावीद रोज रात्री अंथरूण आसवांनी भिजवतो. ईयोब पडल्या पडल्या विचारतो, मी उठणार केव्हा, रात्र संपणार केव्हा. उजाडेपर्यंत कूस बदलत राहतो. पौल आपल्या हालअपेष्टा सांगतो त्यात उपासमार आणि थंडीच्या जोडीनं जागरणंही मांडतो. ७७ व्या स्तोत्रातला आसाफ तर सरळ देवावरच आळ घेतो: तूच माझा डोळा लागू देत नाहीस. ही तक्रार स्तोत्रसंहितेत छापून आली आहे, तीही उपासनेत गायला! तेव्हा तू पहाटे देवाला चार शब्द सुनावलेस म्हणून घाबरू नकोस.

त्यातही ८८ वं स्तोत्र. मला त्याचं फार अप्रूप आहे. इतर बहुतेक रडकी स्तोत्रं शेवटी कुठंतरी वळतात, "तरीही मी तुझी स्तुती करीन" म्हणतात. हे वळतच नाही. मूळ इब्री (हिब्रू) भाषेत त्याचा शेवटचा शब्दच अंधार आहे. कुणीतरी त्याला एखादी आशेची ओळ जोडू शकलं असतं, पण शतकानुशतकं कुणी जोडली नाही. मात्र त्याची पहिली ओळ बघ: माझ्या उद्धारक देवा. सगळा अंधार त्यानं कुणाला तरी ऐकवलाय. तुझा ३:२० चा निरोपही मला तसाच वाटला. तू म्हणतोस प्रार्थना होत नाही. मला वाटतं "होत नाही" हे जिथं तोंड करून म्हटलंस, तिथंच ती झाली.

आता एलीया संदेष्ट्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तुझ्याबद्दल विचार करताना सारखा तोच डोळ्यांपुढे येतो. बायबलातलं '१ राजे' हे पुस्तक, १९ वा अध्याय. आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरलाय, अख्ख्या राष्ट्रासमोर हा माणूस जिंकलाय. आणि आता ईजबेल राणीच्या एका धमकीनं जीव घेऊन पळालाय, चाकराला मागं ठेवून एकटाच रानात एक दिवसाची वाट चालून रतामाच्या झुडपाखाली बसलाय आणि म्हणतोय, परमेश्वरा, आता पुरे, माझा जीव घे. संदेष्टा म्हणतोय हे. आपल्या मंडळीत कुणी असं बोललं असतं तर त्याला किती वचनं ऐकवली असती, कल्पना कर. देवानं काय केलं? एक वचन ऐकवलं नाही. एलीया झोपला, त्याला झोपू दिलं. दूतानं त्याला हात लावला, म्हणाला ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. तो खाऊन पिऊन पुन्हा आडवा झाला. पुन्हा! त्यावर रागावणं नाही. दूत दुसऱ्यांदा आला, पुन्हा हात लावला आणि म्हणाला, ऊठ, खा, वाट तुला झेपणार नाही. किती समजूतदार वाक्य आहे ते. "तू इथं काय करतोस" हा प्रश्न देव विचारतो, पण चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. आधी शरीर.

म्हणून डॉक्टर, मित्रा. तू टाळतोयस ते मला माहीत आहे. आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री, आणि तेही तीन महिने, असं चाललं की डॉक्टर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात; तुझं तर त्याहून जास्त झालंय. त्यात भल्या पहाटे जाग येणं, कशातच मन न लागणं, सगळं संपल्यासारखं वाटणं, हे नैराश्याचंही लक्षण असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत. थायरॉइडसारखं काही आहे का तेही तपासतील. गोळ्या दिल्याच तर नैराश्याच्या गोळ्यांना गुण यायला काही आठवडे लागतात, चार दिवसांत "उपयोग नाही" म्हणून सोडू नकोस; आणि झोपेच्या गोळीचा डोस आपल्या मनानं वाढवू नकोस. गोळीशिवायही निद्रानाशावर बोलण्यातून, सवयी बदलून केली जाणारी उपचारपद्धती आहे. मला तिच्यातल्या दोनच गोष्टींनी हात दिला. वीसेक मिनिटं तळमळून झाली की अंथरुणातून उठायचं, मंद दिव्यात खुर्चीत बसायचं, पेंग आली की परत जायचं. आणि रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ रोज तीच. पहिले दहा दिवस मी अगदी चिडचिडा झालो होतो, हेही सांगून ठेवतो. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेव. आणि रात्री तीनला आपल्या आयुष्याचा निकाल लावायला बसू नकोस. त्या वेळी डोकं थकलेलं असतं, साक्षीदार सगळे विरुद्ध बाजूचे.

नैराश्य येणं किंवा गोळ्या घेणं अविश्वास आहे असं कुणी म्हणालं तर स्पर्जन या नावाजलेल्या इंग्रज धर्मोपदेशकाची आठवण कर. १८५६ साली लंडनमध्ये सरे गार्डन्सच्या सभागृहात त्याच्या उपासनेला हजारो माणसं जमली होती. कुणीतरी खोटंच "आग" म्हणून ओरडलं आणि चेंगराचेंगरीत सात जण गेले. तो अवघा २२ वर्षांचा होता. त्या धक्क्यातून तो पुरता कधी सावरला नाही. काळोखाचे झटके जन्मभर येत राहिले, आणि आपल्या मंडळीपुढे ते बोलून दाखवायलाही तो लाजला नाही.

आता एक प्रश्न, सरळच विचारतो, कारण मोघम विचारण्यात अर्थ नाही. मरावंसं वाटतं का? वाटत असेल तर मला सांग. मी घाबरणार नाही, उपदेश करणार नाही. एलीयानंही देवाला तेच सांगितलं होतं, आणि देवानं तोंड फिरवलं नाही. घरातल्या सगळ्या गोळ्या आजच वहिनींच्या ताब्यात दे. तो विचार एखाद्या रात्री मानगूट धरायला लागला तर सकाळची वाट पाहायची नाही: वहिनींना उठवायचं, मला फोन करायचा, जवळच्या इस्पितळात जायचं. मी माझ्या फोनचा आवाज रात्री बंद ठेवायचो. आजपासून तो चालू राहील.

हे लिहिताना गेथशेमाने बाग आठवली, येशूला अटक झाली ती रात्र. "माझा जीव मरणाइतका खिन्न झाला आहे, इथं राहा आणि जागे राहा," असं प्रभू म्हणाला, आणि सोबतचे तिघंही शिष्य घोरत पडले. ३:२० ला मीही त्या तिघांतलाच होतो. पण त्या रात्री बागेत एकटं जागं राहणं काय असतं, ते त्याला माहीत आहे. तुझ्या खोलीत तो जागा आहेच; इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही, झोपत नाही. पहारा त्याचा आहे. तुला झोप आली नाही तरी पहाऱ्यावर तू नाहीस, नुसता पडून राहा.

तुला शब्द सुचत नाहीत ना? पक्षाघात झालेल्या त्या माणसाला चौघांनी छप्पर उसकटून खाली सोडलं, तेव्हा येशूनं "त्यांचा" विश्वास पाहिला, असं मार्क लिहितो. खाटेवरचा काही बोलल्याचं त्यानं लिहिलेलं नाही. तू सध्या खाटेवर आहेस. दोरीचं एक टोक माझ्या हातात दे. असं करू: जागा असलास की मला नुसतं एक टिंब पाठव. मला जाग आली तर मी तेव्हाच, नाही तर सकाळी, तुझं नाव घेऊन प्रार्थना करीन. तुला आमेनसुद्धा म्हणायला नको.

खाली लिहिलंय ते तुझ्याकरता मी आत्ता म्हटलंय. रात्री हवं तर नुसतं वाच.

"प्रभू येशू, माझा मित्र थकलाय. त्याच्याजवळ आता शब्द नाहीत, म्हणून तुझ्या आत्म्यानं त्याच्याकरता कण्हावं. वादळात तू नावेत उशीवर डोकं ठेवून झोपला होतास. ती झोप त्याला दे. आज देणार नसशील, तर जागेपणी त्याच्याशेजारी बस. त्याच्या मनात जे सारखं सांगतंय की तू नकोसा आहेस, त्याला गप्प कर. डॉक्टरांना शहाणपण दे. वहिनींना बळ दे, त्याही पुष्कळ रात्री जागल्यात. त्याची आसवं तुझ्या बुधलीत आहेत, एकही सांडू देऊ नकोस. उद्या सकाळी त्याला उठण्यापुरतं बळ दे, परवाचं परवा मागू. आमेन."

गुरुवारी संध्याकाळी डॉक्टरांची वेळ मी तुझ्या नावानं घेऊन ठेवली आहे. रागावलास तरी चालेल. साडेपाचला तुझ्या दारात येतो, आत बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मी बाहेर बाकावर बसेन.

तुझाच,
प्रभूमध्ये बंधू आणि जुना बाकमित्र

ता. क. पत्र पोचलं की एक टिंब पाठव.