नदीची तब्येत एका आकड्यात कशी कळणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुळा-मुठेच्या प्रदूषणाची बातमी आली की तीत बीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जंतूंना लागणाऱ्या प्राणवायूचा, आकडा हमखास असतो. आंघोळीच्या पाण्यात तो लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या आत हवा, विरघळलेला प्राणवायू निदान ५ हवा, हे आता बऱ्याच वाचकांना पाठ झालं असेल. पण हा आकडा बाटली बुडवली त्या घटकेचा. खडकवासल्यातून पाणी सोडलेल्या दिवशी लकडी पुलाखाली नमुना घेतला तर नदी ठणठणीत निघेल. उन्हाळ्यात घ्या, मग बघा.

दगडाखालच्या किड्यांचं तसं नसतं. ते आठवडेच्या आठवडे त्याच पाण्यात काढतात, त्यामुळे परवा रात्री नाल्यातून काय आलं तेही त्यांच्या असण्या-नसण्यावरून कळतं. नाजूक किडे संपून चिखलातल्या लाल अळ्याच उरल्या, तर नदीची दशा समजावी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अशा जीवांवरून पाण्याची प्रत ठरवण्याची पद्धत आहेच. (पात्रात शेकाटे पक्षी खूप दिसतात म्हणून आनंदणाऱ्यांना एक सांगतो: त्या अळ्या हेच त्यांचं जेवण. ते सांडपाण्यातही मजेत असतात.)

माणसांची नोंद तर कुणीच ठेवत नाही. १९६१ साली पानशेत फुटलं तेव्हा मी दुसरीत होतो. पुरानंतरही काही वर्षं माझी आई नवरात्राआधी घरच्या गोधड्या घेऊन घाटावर जात होती. एवढा पूर पाहूनही ती नदीला भ्यायली नाही; पुढे वास सोसेना, तेव्हा जायची थांबली. अशा किती घरांचा नदीशी असलेला व्यवहार कधी तुटला, हे कुठल्या अहवालात सापडेल? आज नातीला घेऊन पुलावरून जाताना ती नाकाला रुमाल लावते. नदी म्हणजे एवढंच, असं तिला वाटतं.

काठ सुशोभित करण्याला माझा विरोध नाही, पण बाकडी आणि दिवे हा नदीच्या तब्येतीचा पुरावा नव्हे. महापालिकेच्या पर्यावरण सद्यस्थिती अहवालात ठरावीक दहा-बारा ठिकाणांची, तिन्ही ऋतूंतली नोंद असावी: दगडाखाली काय सापडलं, वास येतो का, जलपर्णी किती, पाण्यापर्यंत उतरता येतं का, आणि कोण उतरतं? गळ टाकणारा, म्हशी धुणारा, दहाव्याला आलेलं कुटुंब, सगळे मोजावेत. प्राणिशास्त्राचे विद्यार्थी हे काम सहज करतील. इथलं पाणी पुढे भीमेतून उजनीत जातं आणि सोलापूरकर ते पितात, म्हणून एखादं ठिकाण शहराच्या हद्दीपलीकडचंही असावं.

विठ्ठलवाडीच्या घाटावरची नोंद ठेवायला मी तयार आहे. गमबूट घरात आहेत.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, नारायण पेठ, पुणे