उपास कसा धरायचा ते सगळे सांगतात, सोडायचा कसा ते कोणीच नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचा आम्हा ख्रिस्ती लोकांचा उपासकाळ, सुरू झाल्यापासून माझ्या मोबाईलवर रोज सकाळी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर 21 दिवसांच्या, 40 दिवसांच्या उपास-प्रार्थनेचं आमंत्रण येतंय. किती वाजता प्रार्थना, कुठले अध्याय वाचायचे, सगळं टाइमटेबल असतं, पण शेवटच्या दिवशी काय खायचं त्याची एक ओळ नसते. म्हणून हे पत्र.

माझ्या मावसभावाने दोन वर्षांपूर्वी 21 दिवस नुसत्या पाण्यावर काढले. रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये सगळ्यांसमोर, आपला अनुभव सांगून साक्ष दिली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि घरी आल्यावर मटण, पुऱ्या, शेवयांची खीर असा थाट. तिसऱ्या दिवशी पहाटे त्याच्या हातापायांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना, नाडी बघितली तर मध्येच उडी मारत होती. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी काय विचारलं तर, किती दिवस जेवले नव्हते? रक्तातलं फॉस्फरस पार तळाला गेलेलं. वाचला, देवाची कृपा. पण मी स्वतः 31 वर्षं नर्सिंग केलंय आणि त्याच्या ताटात खिरीची दुसरी वाटी मीच वाढली होती, हे मला अजून खातं.

होतं काय तर, पोटात काही गेलं नाही की साधारण एका दिवसात लिव्हरमधली साठवलेली साखर संपते, मग शरीर चरबी जाळायला लागतं आणि थोडेफार स्नायूही. तोंडाला वास येतो, डोकं दुखतं, थंडी वाजते, आणि तीन-चार दिवसांनी भूकच मरते. तेव्हा माणसाला वाटतं आता जमलं. या सगळ्यात फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम आतून रिकामं होत असतं. अशात एकदम गोडधोड खाल्लं की इन्सुलिन उसळतं आणि रक्तात जे काही उरलंय तेही पेशींमध्ये ओढून नेतं, मग हृदयाचा ठोका चुकतो. दुसऱ्या महायुद्धातल्या उपाशी कैद्यांचं असंच झालं होतं, काही जण जेवण मिळाल्यावर गेले. पाच दिवसांहून जास्त जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसाला पहिले दोन दिवस गरजेच्या निम्म्याहून जास्त देऊ नका, असं ब्रिटनच्या डॉक्टरांसाठीच्या नियमांत आहे. आणि आमच्याकडे पुऱ्या!

आता कोणी म्हणेल ही बाई नर्स आहे, हिला आत्मिक काय कळणार. मीही उपास करते हो. पोट रिकामं असलं की प्रार्थनेत मन बसतं हा माझाही अनुभव आहे. पण ते हलकं हलकं वाटणं आत्म्याचं किती आणि चरबी जळाल्याचं किती, हा प्रश्न मला पडतो. साधू सुंदरसिंग या आपल्याकडच्या ख्रिस्ती साधूंनाही अशीच शंका होती, आपल्याला जी शांती मिळते ती देवाची की आपल्याच मनाची. 1913 साली हरिद्वार आणि डेहराडूनच्या मधल्या जंगलात ते 40 दिवसांच्या उपासाला बसले, दिवस मोजायला जवळ 40 खडे ठेवले, रोज एक टाकायचा. पुढे खडा टाकायचीही ताकद राहिली नाही, दिसेना, ऐकू येईना, लोकांनी उचलून आणलं, ते वारले अशी खोटी बातमीसुद्धा पसरली. शरीर संपत आलं तरी शांती वाढत गेली, म्हणजे ती आपली नाही, देवाची, असं ते नंतर सांगायचे. मी हे खरं मानते. पण खडा उचलता न येणारा माणूस जंगलात कोणाला सापडला नसता तर?

आणि भुकेने माणूस नेहमी पवित्रच होतो असंही नाही. 1944-45 ला अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 36 तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून बघितलं, त्यातले बरेच जण युद्धाला नकार देणाऱ्या ख्रिस्ती पंथांतले, म्हणजे श्रद्धेत काही कमी नव्हती. तरी ते चिडचिडे झाले, उदास झाले, दिवसरात्र जेवणाचाच विचार, काही तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे.

बायबलमधल्या दानीएलचं नाव घेऊन लोक 21 दिवस पाण्यावर बसतात, पण त्याच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात त्याने पक्वान्न, मांस, द्राक्षारस सोडला असं आहे, सगळंच जेवण सोडलं असं नाही. बायबलमधलाच एलीया संदेष्टा 40 दिवस चालला, पण निघायच्या आधी देवदूताने त्याला निखाऱ्यावर भाजलेली भाकर दोनदा खायला लावली, ते उपदेशात फार कमी ऐकू येतं. कॅथलिक चर्चचा नियम तर अगदी माणसाचा आहे, उपास फक्त राखेचा बुधवार (लेंटचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे, तोही 18 ते 59 वयाच्यांना, एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडं थोडं.

चर्चच्या पाळकसाहेबांना माझी विनंती एवढीच, आमंत्रणाच्या मेसेजमध्ये तीन ओळी वाढवा. शुगरवाल्यांनी, गरोदर बायकांनी, किडनी-हार्टच्या पेशंटांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नये. विश्वासाच्या नावाखाली इन्सुलिन मनाने बंद करू नये आणि गोळी घेऊन उपाशीही राहू नये, दोन्हीने माणूस बेशुद्ध पडतो. आणि उपास लांबला असेल तर तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावा, मंडळीच्या प्रीतिभोजनात नाही.

भाऊ यंदा फक्त गुड फ्रायडेला उपास धरणार आहे. संध्याकाळी सोडायला मी मुगाचं पातळ कढण करून नेणार आहे. खीर मागितलीच तर ईस्टरला.

आपली,
एक निवृत्त नर्स, अहिल्यानगर