मोत्यांचं पाणी गेलं, आणि तुमचा सल्लागार म्हणतो मोतीच खोटे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : दागिने साफ करण्याच्या द्रवामुळे झालेलं नुकसान आणि काल फोनवर मिळालेलं उत्तर

माझी तक्रार तुमच्याकडे नोंदवलेली आहे. फोटो आहेत, पावती आहे, माळेच्या रत्नपरीक्षणाच्या प्रमाणपत्राची प्रतही आहे. तरी कालच्या फोनवर मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं, म्हणून आता लेखी देते आहे.

तुमच्या बाटलीवर समोर ठळक अक्षरांत छापलंय : ‘सर्व प्रकारच्या दागिन्यांसाठी सुरक्षित’. माझ्या आईच्या मोत्यांच्या माळेला चांदीचं पदक आहे. ते काळवंडलं होतं. बाटलीवर लिहिल्याप्रमाणे माळ द्रवात बुडवली, सांगितलेल्या वेळात बाहेर काढली, स्वच्छ पाण्यानं धुतली. पदक चकाकलं, पण मोत्यांचं पाणी गेलं. आता ते खडूसारखे पांढरे, मेलेले दिसतात. शिवाय पदकावरच्या नक्षीच्या खाचांत मुद्दाम ठेवलेली काळी छटाही धुऊन गेली. अशा मुद्दाम काळवलेल्या, म्हणजे ऑक्सिडाइज्ड चांदीवर हा द्रव वापरू नये, असंही बाटलीवर कुठे नाही.

काल तुमच्या ‘वरिष्ठ तांत्रिक सल्लागारा’शी बोलणं झालं. ते जसंच्या तसं वाचा.

ते म्हणाले, “मॅडम, मोती खरे असते तर त्यांना काहीच झालं नसतं.”

मी विचारलं, “तुमच्या द्रवात आम्ल आहे ना?”

“आहे, पण सौम्य आहे.”

“आणि मोती कशाचा बनलेला असतो?”

बराच वेळ शांतता. मग, “मॅडम, सिस्टीममध्ये तसं काही दिसत नाही.”

सिस्टीममध्ये दिसत नसेल तर माझ्याकडून लिहून घ्या. मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्याच्या अतिशय पातळ थरांवर थर बसतात आणि त्यांतून प्रकाश परततो, म्हणून मोत्याला पाणी असतं. कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळतं. चांदीवरचा काळा सल्फाइडचा थर काढायला आम्ल आणि थायोयुरिया घातलेला तुमचा द्रव चालत असेल, पण मोत्याचा वरचा थर तो खाणारच. म्हणजे माझे मोती खरे आहेत म्हणूनच बिघडले. आणि तुमचा माणूस मला, प्रमाणपत्र समोर असताना, माझ्या आईची माळ खोटी असल्याचं ऐकवतो!

एवढ्यावर ते थांबले असते तरी मी गप्प बसले असते. पुढे म्हणाले, “टूथपेस्ट लावून मऊ ब्रशनं घासून बघा, चमक परत येईल.” दागिने साफ करण्याचा द्रव विकणाऱ्या कंपनीचा तांत्रिक सल्लागार हे सांगतो! मोत्याचा कठीणपणा 1 ते 10 च्या मोह्स मापनात 2.5 ते 4.5 इतकाच. टूथपेस्टमधल्या घासणाऱ्या कणांनी त्यावर ओरखडे उठतात. मी ऐकलं असतं तर उरलीसुरली माळही गेली असती. हे कोण शिकवतं त्यांना? आणि फोन ठेवायच्या आत त्यांनी विचारलं, “आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?” संध्याकाळी संदेश आला : ‘आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे.’

कुणाचं समाधान झालं?

मोती मी नेहमी मऊ, किंचित ओल्या कापडानंच पुसत आले. द्रवात बुडवले ते केवळ तुमच्या लेबलवर विश्वास ठेवून. ‘सर्व प्रकारच्या’ हे शब्द तुम्ही छापलेत, मी नाही. पोवळंही कॅल्शियम कार्बोनेटचंच असतं. पिरोजा सच्छिद्र असतो, द्रव शोषून घेतो. बहुतेक पाचूंच्या भेगांत तेल भरलेलं असतं. हे सगळं तुमच्या ‘सर्व’मध्ये येतं का? तुमची बाटली आज आणखी कुणाच्या घरात उघडली जात असेल, या विचारानं मला जास्त राग येतो. झिजलेला थर मोत्यावर पुन्हा चढत नाही. पदकाची काळी छटा कारागीर परत देईल, मोत्यांचं पाणी कुणीच देऊ शकत नाही.

मला नुकसानभरपाई हवी आहे. मोती खोटे म्हटल्याबद्दल लेखी माफी हवी आहे. आणि बाटलीच्या पुढच्या बाजूला, मागच्या बारीक अक्षरांत नव्हे, ‘मोती, पोवळे, ओपल, पिरोजा, पाचू आणि ऑक्सिडाइज्ड चांदीसाठी वापरू नये’ हे छापलेलं हवं आहे. टूथपेस्टचा सल्ला यापुढे कुणालाही दिला जाणार नाही, याचीही लेखी हमी द्या.

वर्षानुवर्षं तुमचीच उत्पादनं घरात आणत आले, इतरांनाही सुचवत आले. आता त्या प्रत्येकाला ही बाटली बाजूला ठेवायला सांगते आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर प्रमाणपत्र, फोटो आणि तुमचा ‘समाधानकारक निराकरण’ संदेश घेऊन मी ग्राहक न्यायालयात जाईन. पुन्हा फोन करू नका.

तक्रारदार ग्राहक

सोबत : पावती, प्रमाणपत्राची प्रत, माळेचे आधीचे व नंतरचे फोटो