बावीस स्कॅनरची अक्षरं मोठी करणाऱ्या मॅडमना

मॅडम,

तुमच्या निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी मला चार शब्द बोलायला उभं केलं होतं. मी माईक घेतला, "मॅडम, सांभाळून जा" एवढं म्हटलं आणि माईक परत दिला. पोट्टे हसले. सत्तावीस वर्षं गोदामात ओरडण्यात गेली, आणि आवाज बसायचा तो नेमका तेव्हाच बसला. तुम्ही भिवंडीला गेल्याला दोन महिने झाले, तरी सकाळी डॉकवर, म्हणजे ट्रक लागतात त्या धक्क्यावर, आलो की नजर आधी तुमच्या केबिनकडे जाते. आभार राहून गेले ही टोचणी काही जात नाही. माझा पाणउतारा झाला होता तो चारचौघांत, मग आभार तरी कानात कशाला सांगायचे? म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे.

तुमच्या आधीचं थोडं सांगतो, म्हणजे वाचणाऱ्यांना अंदाज येईल. मी 1998 साली लागलो तेव्हा आमचं गोदाम नागपूरजवळच्या वाडीत होतं, पत्र्याचं. तिथे हुशारी म्हणजे पाठांतर. कुठला माल कुठल्या थप्पीत, कुठल्या खोक्याला ओल लागते, कुठला ड्रायव्हर ढाब्यावर गाडी लावून झोपतो, सगळं डोक्यात. रजिस्टर लिहायचो, पण उघडायची वेळ क्वचितच यायची. साहेब लोकही "भाऊला विचारा" म्हणायचे आणि मी दोन इंच फुगायचो.

मग 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. त्याआधी केंद्रीय विक्रीकर वाचवायचा म्हणून कंपन्या राज्याराज्यांत आपापले डेपो ठेवत. ते कारणच संपलं, छोटे डेपो बंद होत गेले आणि माल मोजक्या मोठ्या गोदामांत गोळा होऊ लागला. नागपूर देशाच्या मधोमध. झिरो माईलचा तो खांब आणि ते चार घोडे आजवर आम्ही पाहुण्यांना दाखवायचो, आता त्याच मधोमध असण्यापायी आमच्या दारात ट्रकांची रांग लागली. वाडी सुटली, गोंडखैरीच्या पुढे मोठं शेड आलं. चारशे आयटमचे सहा हजार झाले. एवढं माझ्या डोक्यात मावत नव्हतं, पण ते कबूल करायला मला दोन वर्षं लागली.

त्या दोन वर्षांत दोन साहेब होऊन गेले. नावं घेत नाही, त्यांची पोरंबाळं सुखात राहोत. पहिल्यांनी आम्हाला वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात नेलं, पडद्यावर सुरवंटाचं फुलपाखरू होताना दाखवलं आणि "बदला, नाहीतर बाजूला व्हा" असं सांगून जेवायला सोडलं. पनीर चांगलं होतं. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर नव्वद पानांची इंग्रजी पीडीएफ आली. तेवढं आमचं प्रशिक्षण.

दुसऱ्या साहेबांना आकड्यांची भारी आवड. कोणी तासाला किती खोकी स्कॅन केली याची यादी रोज संध्याकाळी सहाला ग्रुपवर यायची. खालची तीन नावं लाल रंगात. मी लागोपाठ अकरा दिवस लाल होतो. माझ्या पोराचा मित्र त्याच ग्रुपमध्ये, त्यामुळे मी घरी पोहोचायच्या आत बातमी पोहोचलेली असायची. बायको काही बोलायची नाही, ताट मात्र जरा सांभाळून ठेवायची. ते जास्त लागायचं.

पुढे एकदा चहाच्या वेळी तुम्ही अमेरिकेतल्या फ्रेडरिक टेलरबद्दल सांगितलं होतं. हा इंजिनिअर स्टॉपवॉच घेऊन कामगारांच्या मागे उभा राहायचा, एकेक हालचाल मोजायचा. डोकं ऑफिसात आणि हात खाली, असा त्याचा हिशोब. 1911 साली त्याने तो मांडला. मी म्हटलं, "मॅडम, तो मेला कुठे, आमच्या स्कॅनरमध्ये बसला आहे." तुम्ही चहा सांडेपर्यंत हसलात. पण मी गंमत करत नव्हतो.

तुम्ही आलात तेव्हा नवतपा चालू होता. कूलरसुद्धा गरम हवा फेकत होता. नवे साहेब आले की आधी मीटिंग होते. तुम्ही मीटिंग घेतलीच नाही. चार दिवस भर दुपारी डॉकवर, डोक्याला दुपट्टा गुंडाळून. "तुम्हाला काय म्हणू?" विचारलंत. मी म्हटलं, सगळे भाऊ म्हणतात. "मग मीही भाऊच म्हणते." मी मनात म्हटलं, पुण्याची आहे, चौतिशीची आहे, जूनपर्यंत टिकली तर पाहू.

त्या चार दिवसांत तुम्ही काय पाहिलंत ते मला फार नंतर कळलं. स्कॅनरच्या पडद्यावरची अक्षरं मुंगीएवढी. चष्मा खिशात असायचा, पण पोट्ट्यांसमोर लावायची लाज वाटायची, आणि लावला तरी घामाने नाकावरून घसरायचा. म्हणून मी स्कॅनर हातभर लांब धरून अंदाजाने बटण दाबायचो. अगदीच अडलं की कुठल्यातरी पोट्ट्याला हाक मारायचो, "वाच रे बावा, माझे हात भरलेत." हात कशानेच भरलेले नसायचे. मी लाल यादीत होतो तो यामुळे. मशीन मला समजत होतं, दिसत नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी स्कॅनर उचलला तर अक्षरं ही एवढी मोठी! बाजूच्या पोट्ट्याचा पाहिला, त्याचंही तसंच. बावीसच्या बावीस. पोट्टे कुरकुरले. "मॅडम, हे काय बालवाडीसारखं केलं, पडद्यावर तीनच ओळी दिसतात." तुम्ही लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणालात, "सेटिंगच तसं आलंय, चालवून घ्या." मला ते खरं वाटलं. देवानेच केलं असावं म्हणून त्या दिवशी मी कामाला भिडलो, आणि पंधरवड्यात माझं नाव यादीच्या मधोमध होतं. यादी तोवर ग्रुपवर येणं बंद झालं होतं, ती गोष्ट वेगळी.

चार महिन्यांनी आयटीवाला पोट्टा बोलता बोलता बोलून गेला. "मॅडमनेच सांगितलं होतं जी, सगळ्यांचे मोठे करा. एकाचंच केलं तर कोणासाठी केलं ते कळेल म्हणे." मी काही न बोलता शेडच्या मागे टाकीकडे गेलो आणि बराच वेळ तोंड धूत राहिलो.

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. मला बोलावून "भाऊ, तुम्हाला दिसत नाही का? तुमचं मोठं करून देते" म्हणाला असतात तरी ते चांगलंच म्हटलं गेलं असतं. मीही आभार मानले असते, आणि त्या दिवसापासून गोदामात दिसत नसलेला म्हातारा झालो असतो. उन्हाळ्यात आपल्याकडे लोक घरासमोर रांजण भरून ठेवतात, वर ओलं फडकं, साखळीला बांधलेला पेला. कोण पिऊन गेलं ते पाहायला कोणी दारात उभं राहत नाही. तुम्ही गोदामात तसा रांजण ठेवलात. अशी माणसं अजून आहेत, साहेबाच्या खुर्चीतही आहेत, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं याची थोडी लाजच वाटते.

पण मॅडम गोड बोलून काम करून घेत होत्या असं कोणी समजू नये. रायपूरची गाडी आठवते ना? दोन गाड्या शेजारी, घाई माझी, सील उलटं लागलं. रायपूरचा माल हैदराबादच्या रस्त्याला. कळलं तेव्हा गाडी आदिलाबाद ओलांडून गेली होती. हेड ऑफिसला गेलेल्या मेलमध्ये तुम्ही "आमच्याकडून चूक झाली" एवढंच लिहिलंत. पण केबिनचं दार लावून मला जे झाडलंत, तसं मला माझ्या बापानेही झाडलं नव्हतं. मेलमध्ये 'आमच्याकडून' आणि दाराआड 'तुमच्याकडून'. आधीच्यांचं बरोबर उलटं असायचं.

त्यानंतर तो फळा आला. ज्याची चूक त्याने स्वतःच्या हाताने लिहायची, शनिवारी पुसायची, पगाराशी संबंध नाही. आठवडाभर फळा कोरा. मग तुम्हीच लिहिलंत, "शुक्रवारच्या दोन गाड्या बोलवायला विसरले." खाली मी माझी सीलची चूक लिहिली. मग पोट्टे सुटले. फळ्याचं नाव त्यांनीच 'मारबत' ठेवलं आणि शनिवारी पुसताना कोरसमध्ये ओरडायचे, "घेऊन जा गे मारबत!" तुम्ही गोंधळून माझ्याकडे पाहिलंत. मग मी तुम्हाला पोळ्याच्या पाडव्याला निघणारी पिवळी आणि काळी मारबत, म्हणजे ते मोठाले पुतळे, इतवारीतली ती गर्दी, सगळी इडापिडा तिच्या माथी देऊन तिला जाळायची आमची शंभराहून जास्त वर्षांची रीत, सगळं समजावलं. त्या वर्षी तुम्ही बघायलाही आलात आणि गुलालाने रंगून गेलात.

पहिल्या दोन महिन्यांत फळ्यावरच्या चुका वाढल्या. हेड ऑफिसमधून फोन, नागपूरला काय झालं आहे? तेव्हा तुम्ही स्पीकरवर सांगितलेली दवाखान्याची गोष्ट मी अजून नव्या पोट्ट्यांना सांगतो. एमी एडमंडसन नावाच्या बाईंनी नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या दवाखान्यांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीमच्या चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज, आणि आकडे आले उलटे. मग लक्षात आलं की चांगल्या टीमच्या चुका जास्त होत नव्हत्या, तिथली माणसं त्या लपवत नव्हती. फोनवरचा साहेब गप्प झाला. मी बाहेर उभा राहून ऐकत होतो, हीसुद्धा एक चूक फळ्यावर लिहायची राहिली आहे.

तुमचं सगळंच मला पटलं असं नाही. बिलिंगच्या मुलींना आठवड्यातून दोन दिवस घरून काम दिलंत, ते तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही अर्धंच पटतं. ट्रक दारात आणि बिल करणारी मानेवाड्यात, हे माझ्या जिवाला झेपत नाही. पण त्यातल्या एकीचं बाळ तेव्हा पाच महिन्यांचं होतं आणि ती नोकरी सोडणार होती, हे तुम्हाला माहीत होतं. मला नव्हतं. मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचो.

आमच्या वेळी सुपरवायझर म्हणजे ज्याचा आवाज मोठा आणि पाठांतर पक्कं तो. पाठांतर मशीनने नेलं. आवाजाने आजचं पोट्टं थांबत नाही, दुसऱ्या दिवशी शेजारच्या गोदामात लागतं, दोनशे रुपये जास्त घेतं. मग आमच्यासारख्यांकडे उरतं काय, या विचाराने मी रात्री जागलो आहे. तुम्ही त्यावर कधी भाषण दिलं नाहीत. नव्या पोट्ट्यांना माल रचायला शिकवायचं काम माझ्याकडे दिलंत आणि सांगितलंत, "जड माल खाली का, हे मशीनला सांगता येत नाही, भाऊ." तेवढ्यावर मी अजून चालतो आहे.

मागच्या आठवड्यात नवे स्कॅनर आले, तीस. अक्षरं परत मुंगीएवढी. तुमच्या जागेवर आलेले साहेब चांगले आहेत, पण अजून त्यांना डॉकवर यायला वेळ मिळालेला नाही. मी आयटीच्या पोट्ट्याकडून शिकून घेतलं आणि सकाळी सातला येऊन तिसांचीही अक्षरं मोठी केली. आठला एक पोट्टा आला, "भाऊ, हे काहून असं मोठ्ठं?" आमच्यात आता एक नवा फोर्कलिफ्टवाला आहे, त्रेपन्नचा. तो तिथेच उभा होता. मी म्हटलं, "सेटिंगच तसं आलं आहे बावा, चालवून घे."

आणखी एक. मृगाची संत्री फेब्रुवारीत उतरायला लागतील. काटोलच्या आमच्या पाहुण्यांच्या बागेतली एक पेटी तुमच्यासाठी सांगून ठेवली आहे. पत्ता कळवा. बिल्टी मी स्वतः करीन, नंबर दोनदा तपासून. पेटी भिवंडीलाच येईल, हैदराबादला जाणार नाही.

तुमचा,
डॉकवरचा भाऊ
नागपूर