पिठलं-भाकरीचे आभार राहूनच गेले

२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, आमच्या तळमजल्यावर छातीभर. ओसरल्यावर घरभर चिखल, तांदळाचा डबा उलटा, शेगडी गाळात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही चौघं टेम्पोतून उतरलात. गाव कुठलं, विचारायचं सुचलंच नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तांदळाच्या भाकऱ्या, कुळथाचं पिठलं, लसणीची चटणी. पिठलं जरा खारट होतं, खोटं कशाला बोलू! पण गरम होतं. आईने चिखलाचे हात मागे लपवले, तर तुमच्यातल्या ताईंनी घास करून तिला भरवला.

अजूनही ‘रात्री काय करू?’ विचारलं की आई म्हणते, “कुळथाचं पिठलं टाक.”

ताई, दादांनो, मनापासून आभार. तुमचं पातेलं आमच्याकडेच राहिलंय. झाकणावर ‘सु’ कोरलेलं.