सावली पाखराला सोडणाऱ्या भाईंना

भाई, सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहितोय, कारण ते आम्हाला कच्छचे पक्षी दाखवणाऱ्या तुमच्याइतकंच सप्टेंबरात पक्षी बघायला तिकडे निघणाऱ्या आपल्या मंडळींसाठीही आहे.

कच्छच्या बन्नी भागातल्या त्या गवताळ माळावर सावलीला म्हणून एकच देशी बाभूळ, पारा ३५ च्या पुढे आणि डबे उघडायची वेळ. तुम्ही सतरंजी काढलीत, बाभळीकडे दोन पावलं गेलात, थबकलात आणि मुकाट्याने परत येऊन ती गाडीच्या कडेला, वीतभर सावलीत अंथरलीत. खालच्या फांदीवर एक स्पॉटेड फ्लायकॅचर, माश्या-किडे टिपणारा चिमुकला पक्षी, चोच उघडी टाकून बसला होता. तुम्ही कुणाला काही समजावलं नाहीत, की 'बघा, मी कसा वागतो' असा आवही आणला नाहीत. जेवण उन्हातच झालं.

हे एवढं का लागलं मनाला, ते सांगायला हवं. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत कच्छवरून जाणारे हे पक्षी मुक्कामाला आलेले नसतात. युरोपियन रोलर, रेड-बॅक्ड श्राइक, स्पॉटेड फ्लायकॅचर ही सगळी मंडळी आफ्रिकेच्या वाटेवर असतात आणि पुढे अरबी समुद्र असतो. रात्री उडायचं, दिवसा उतरून पोट भरायचं, अंगात चरबी साठवायची. पक्ष्याला घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड ठेवतो आणि त्यात पाणी जातं. भर दुपारी त्याला सावलीतून उठवलं, तर चरबी आणि पाणी दोन्ही फुकट जातं. आपल्याला मात्र वाटतं, 'उडाला, बसेल दुसरीकडे.' दुसरीकडे झाड असेल तर ना!

याआधी ज्यांच्या भरवशावर लोक याच भागात फिरले, त्यांचं तंत्र वेगळं. श्राइक दिसला की गाडी थेट त्याच्या अंगावर, आणि खिशात पक्ष्यांचे आवाज वाजवायचा स्पीकर. प्रवासातला पक्षी इथे घरटं राखत नाही, मग विणीच्या गाण्याला तो कशाला उत्तर देईल? फार तर बिचकून दूर जाईल. वर 'आज पक्षीच नाहीत' हेही ऐकून घ्यायचं.

तुमची पद्धत साधी, पण प्रत्येक गोष्टीला कारण. सूर्योदय तिकडे पावणेसातच्या आसपास, म्हणून भुजहून पाचला निघायचं. खरा खेळ पहिल्या अडीच तासांचा. सकाळी पश्चिमेकडे जायचं आणि संध्याकाळी पूर्वेकडे परतायचं, म्हणजे दोन्ही वेळा ऊन पाठीशी. तारेवर रोलर दिसला की बऱ्याच अलीकडे इंजिन बंद. खाली कुणी उतरायचं नाही, कारण पक्ष्याला गाडीपेक्षा माणसाचं भय जास्त. इंजिन चालू असलं तर थरथरीने फोटोही हलतो. खिडकीच्या काठावर अर्धी भरलेली तांदळाची पिशवी, तीवर लेन्स. पिशवी पूर्ण भरली की लेन्स डुगडुगते, हेही तुमचंच निरीक्षण.

दहानंतर हवा तापून थरथरू लागली की स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिकाटण्यावरची एकनळी दुर्बीण, साठपटीवर नेऊन उपयोग नाही, वीस-पंचवीस पटीवरच ठेवायचा. काचेवर धूळ बसली तर आधी फुंकणीने उडवायची आणि मग फडकं. कोरडीच पुसली तर वाळूचे कण कोटिंगवर ओरखडे काढतात. माणशी पाच लिटर पाणी. आणि पांढरी पापडी धरलेल्या जमिनीवर गाडी घालायची नाही, वर कितीही कोरडी दिसो. पावसाळ्यानंतर तिच्याखाली खारट चिखल तसाच असतो आणि चाक एकदा बसलं की ट्रॅक्टर येईपर्यंत दिवस गेला.

ओळखीबद्दल एक गोष्ट इथे नोंदवतो, कारण दिसलेल्या पक्ष्यांच्या यादीत हमखास तिथेच घोळ होतो. या दिवसांत युरोपियन रोलरची पिल्लं फिकट असतात आणि छातीवर रेघा असतात, म्हणून त्यांना आपला नेहमीचा नीलपंख (इंडियन रोलर) समजलं जातं. बसलेला असताना वाद घालत बसू नये, तो उडायची वाट बघावी. आपल्या नीलपंखाच्या पंखात गडद निळ्यामधून फिक्या निळ्याचा ठळक पट्टा चमकतो. युरोपियनची उडायची पिसं काळपट, तिथे तसा पट्टा नाही. तुम्ही शांतपणे 'उडू दे' म्हणालात, तेव्हा काहींना तो आळस वाटला होता.

चांगुलपणा हल्ली फार बोलतो, भाई. फलक लावतो, व्हिडिओ काढतो. तुमचा न बोलता सतरंजी अंथरून मोकळा झाला.

रातवा, हा रात्री फिरणारा पक्षी, दिवसा ज्या फांदीवर लांबीच्या दिशेने चिकटून झोपला होता, ती कुठली हे तुम्ही सांगू नका म्हणालात. दिवसभराची यादी टाकली आहे, त्यात रातवा आहे, जागा नाही. विचारणारे विचारताहेत. सगळ्यांना एकच उत्तर देतोय, की भाईंना विचारा. न्यायचं की नाही ते तेच ठरवतील.

तुमचे,
मागच्या सीटवरचे दोघे